आर्थर वेलस्ली : असईचे रणांगण ते ब्रिटिश पंतप्रधानपद

महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकास आर्थर वेलस्ली हे नाव दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धामुळे परिचित आहे. युरोपच्या इतिहासात तोच वॉटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन होय. मात्र १८१५ नंतर सदतीस वर्षे जगलेल्या या सेनानीच्या राजकारणाकडे मराठीत क्वचितच लक्ष दिले जाते. त्याचा परामर्श येथे घेतला आहे.

इ. स. १७६९ मध्ये आयर्लंडमधील एका उमराव घराण्यात त्याचा जन्म झाला. थोरला नसल्यामुळे पदवी व जहागीर त्याच्या वाट्यास येणार नव्हती. तत्कालीन ब्रिटिश लष्करात अधिकारपदे विकत घेता येत. त्यामुळे १७८७ मध्ये सैन्यात शिरलेला हा तरुण एकही लढाई न पाहता १७९३ मध्ये लेफ्टनंट कर्नल झाला. दरम्यान १७९० पासून तो आयरिश संसदेचा सदस्यही होता. थोडक्यात, त्याचा लष्करातील व राजकारणातील प्रवेश कर्तृत्वाने नव्हे, तर कुळाने झाला.

कर्तृत्व सिद्ध झाले ते हिंदुस्थानात. (येथेही थोरला बंधू रिचर्ड गव्हर्नर जनरल होता, हे विसरता येत नाही.) वसईच्या तहानंतर त्याने दुसऱ्या बाजीरावास पुण्याच्या गादीवर पुन्हा बसविण्यास साह्य केले आणि ऑगस्ट १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला घेतला. २३ सप्टेंबर रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसले यांच्या सैन्याशी त्याची गाठ पडली. केळना नदीला उतार नाही, असे वाटाडे सांगत होते. परंतु दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली गावे पाहून तेथे उतार असलाच पाहिजे, असा तर्क त्याने केला व तो खरा ठरला. विजय मात्र महागात पडला. शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत आणि इंग्रजांकडील ठार व जखमींची संख्या १५०० च्या वर गेली. उतारवयातही तो आपली सर्वोत्तम लढाई म्हणून असईचेच नाव घेत असे, असे सांगितले जाते.

स्पेन-पोर्तुगालमधील मोहिमा व वॉटर्लू यांचे वर्णन सर्वत्र उपलब्ध आहे. जानेवारी १८२८ मध्ये तो पंतप्रधान झाला. त्याच वर्षी कॅथलिक असलेला डॅनियल ओकॉनेल आयर्लंडमधून निवडून आला. परंतु विहित शपथेमुळे कॅथलिकांना संसदेत बसता येत नव्हते. वेलिंग्टन या सवलतीचा विरोधक होता. तथापि यादवी युद्धाचा धोका ओळखून त्याने राजाचे मन वळविले आणि १८२९ मध्ये कायदा संमत करून घेतला. स्वपक्षातील अनेकांनी यास विश्वासघात मानले. लॉर्ड विंचिल्सी याच्या आरोपावरून तर विद्यमान पंतप्रधानाने पिस्तुलांचे द्वंद्व खेळले! सुदैवाने कोणीही जखमी झाले नाही.

हीच लवचिकता मतदानसुधारणेच्या बाबतीत दिसली नाही. नोव्हेंबर १८३० मध्ये प्रचलित प्रतिनिधित्वपद्धतीत बदलाची गरजच नाही, असे त्याने उमरावसभेत जाहीर केले आणि पंधरवड्यात त्याचे मंत्रिमंडळ कोसळले. १८३१ मध्ये जमावाने त्याच्या लंडनमधील निवासस्थानाच्या खिडक्या फोडल्या. पुढे त्यांना लोखंडी झडपा बसवाव्या लागल्या. १८३२ मध्ये मात्र उमरावसभेतील विरोध त्याने मागे घेतला. १८४६ मध्ये धान्य कायदे रद्द करणे त्यास स्वतःला पसंत नव्हते; तरीही पीलचे सरकार टिकावे म्हणून ते विधेयक उमरावसभेत संमत करून घेण्यात त्याने पुढाकार घेतला.