सुई लागली की गाठ खवळते?

कॅन्सरमुळे गर्भाशय काढून दोन वर्षं झाली, आता मानेत गाठ लागतेय. डॉक्टर म्हणतात, ‘एफएनएसी करू’, म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासू. बाईच्या आधी नातेवाईकच दचकतात. गाठीला सुई लागली की कॅन्सर अंगभर पसरतो ना?

ही भीती अगदीच हवेतली नाही. अंडाशयापुरत्याच असलेल्या संशयित गाठीत सर्जन सहसा सुई घालत नाहीत, कारण ती फुटून पेशी पोटात सांडल्या तर आजाराची अवस्था ‘एक-ए’ची ‘एक-सी’ होते. मानेतल्या किंवा जांघेतल्या गाठीचं गणित वेगळं. तिथे कॅन्सर असेलच, तर तो सुईच्या आधीच पोहोचलेला असतो. शिवाय ही सुई 22 ते 25 गेजची, म्हणजे पाऊण मिलिमीटरहूनही बारीक. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधल्या मार्टिन आणि एलिस यांनी 1930 मध्ये या पद्धतीवर लिहिलं, तेव्हा त्यांची सुई 18 गेजची, बरीच जाड होती. सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याच्या नोंदी आहेत, पण फार विरळ.

गर्भाशयच नाही, मग त्याचा कॅन्सर परत कुठून? उरलेल्या पेशी योनीच्या वरच्या टोकाला, लसीका ग्रंथींत, फुप्फुसांत वाढू शकतात, बहुतेकदा पहिल्या तीन वर्षांत. योनीतली गाठ डोळ्यांना दिसते, तिचा सरळ तुकडा घेतात. पोटातल्या खोल ग्रंथीपर्यंत सुई सोनोग्राफी किंवा सीटी पाहत न्यावी लागते.

‘पेट स्कॅनमध्ये चमकलं, आता सुई कशाला?’ हा प्रश्न आपल्याकडे तर विचारूच नये. टीबीची ग्रंथीही तशीच चमकते, रेडिएशननंतरची सूजही. कॅन्सर असेल तर केमो, टीबी असेल तर टीबीच्या गोळ्या. हा फरक काचपट्टीवरच्या पेशी दाखवतात.

‘निगेटिव्ह’ रिपोर्टवर मात्र लगेच पेढे वाटू नयेत. रेडिएशनने कडक झालेल्या भागातून पेशी कमी निघतात, कधी सुई नेमकी बाजूला पडते. संशय टिकला तर पुन्हा सुई, नाहीतर जाड सुईने तुकडा.

पेशी कॅन्सरच्या निघाल्या, तरी तो जुनाच की नवा, हे ठरायचं असतं. पॅक्स-8 ही चाचणी गर्भाशयाच्या पेशींत सहसा पॉझिटिव्ह येते, फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये सहसा नाही. त्याहून साधा उपाय म्हणजे आधीच्या ऑपरेशनच्या काचपट्ट्या शेजारी ठेवून पाहणं. पेशंटच्या पिशवीत बहुधा नुसते कागद असतात; काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉक जुन्या लॅबमधून मागून आणावे लागतात.