पाळण्यांचा हंगाम

माघी चतुर्थीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत जुन्नर-आंबेगावात पाळण्याची दोरी फार काळ कुणी हातातून सोडत नाही. माघात लेण्याद्रीला आणि ओझरला गणेशजन्म. १९ फेब्रुवारीला शिवनेरीवर शिवजन्म, आणि तिथी मानणाऱ्यांसाठी फाल्गुन वद्य तृतीयेला तोच सोहळा पुन्हा. मग रामनवमीची भर दुपार आणि हनुमान जयंतीचा सूर्योदय. माझं माहेर जुन्नरचं, सासर मंचरच्या बाजूचं. हे सगळे उत्सव मी लहानपणापासून पाहत आले, प्रसाद खात आले. पण लागोपाठच्या या सणांत आपण दर वेळी एका तान्ह्या बाळाभोवती गोळा होतो, हे मला उमगलं ते २०२५ च्या वसंतात. तेव्हा लेक कडेवर होती आणि तिचं वर्ष नुकतंच भरत आलं होतं.

तिच्या त्या हंगामाची सुरुवात बोरन्हाणाने झाली. संक्रांतीला राहून गेलं की रथसप्तमीला तरी उरकावंच लागतं, तसं आम्ही ४ फेब्रुवारीला उरकलं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर बसवलेली लेक आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे. वाडीतली पोरं बोरांवर तुटून पडली. ही आधी भांबावली. मग शेजारच्या मुलाच्या मुठीतलं एक बोर तिला हवंसं वाटलं आणि ते घ्यायला ती पाटावर उभी राहिली, कशालाही न धरता. क्षणभरच. लगेच बसली. पण सासूबाईंनी ते पाहिलं होतं, आणि तिन्हीसांजेला पहिली दृष्ट त्यांनीच काढली.

शिवनेरीवर आम्ही मुद्दाम शिवजयंतीची गर्दी ओसरल्यावर गेलो. गडाला सात दरवाजे. महादरवाजापासून कुलाबकर दरवाजापर्यंत लेक तिच्या बापाच्या पाठीवर होती आणि प्रत्येक कमानीखाली शिरताना मान मागे टाकून वर बघत होती. शिवाईदेवीपुढे मी तिला खाली ठेवलं. जिजाऊंनी या देवीला नवस केला आणि तिच्यावरूनच मुलाचं नाव शिवाजी ठेवलं, असं आमच्याकडे सांगतात. पुढे अंबरखाना, गंगा-जमुनेची टाकी, आणि मग जन्मस्थानाची ती दुमजली इमारत. खालच्या खोलीत पाळणा आहे.

त्या पाळण्यापाशी उभं राहिल्यावर मला पराक्रमाचं काही आठवेना. १६२९ साली जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव देवगिरीला निजामशाही दरबारात मारले गेले, त्यांच्याबरोबर त्यांचे मुलगेही गेले. नवरा मोहिमांवर. बाळ झालं १६३० च्या फेब्रुवारीत, आणि त्याच साली दख्खनेत दुष्काळ सुरू झाला. तो १६३२ पर्यंत हटला नाही. म्हणजे महाराजांचं रांगणं, पहिलं पाऊल, पहिला शब्द, सगळं त्या दुष्काळातलं. माहेर उजाड झालेली एक बाई गडावर आहे, पायथ्याच्या गावांत अन्नान्नदशा आहे, आणि तिच्या लेकराला दात येतायत. इतिहासाच्या पुस्तकात या दोन वर्षांना एक ओळही धड मिळत नाही. मला तीच दोन वर्षं वाचायला आवडली असती.

गडावरून लेण्याद्रीचा डोंगर दिसतो. जुन्नरकरांना त्याचं काही वाटत नाही, रोजचंच आहे. पण एका डोंगरावर जिजाऊ आणि दुसऱ्यावर गिरिजा, दोघी लेकरासाठी देवापुढे बसलेल्या, असं दुसऱ्या कुठल्या गावाच्या वाट्याला आलं असेल असं मला वाटत नाही. पार्वतीने पुत्रासाठी लेण्याद्रीला तप केलं, म्हणून तो गिरिजात्मज. अष्टविनायकांत आईच्या नावाने ओळखला जाणारा हा एकच, आणि डोंगरातल्या लेण्यात बसलेलाही हा एकच. लेणी मूळची बौद्ध भिक्खूंची, तीस एक आहेत, आणि गणपती आहे तो सातव्या लेण्यात. पायऱ्या तीनशेच्या घरात. वर पोचल्यावर त्या खांब नसलेल्या प्रशस्त सभागृहात लेकीने एक किंकाळी फोडली. ती घुमून परत आली. तिने पुन्हा फोडली. दर्शनाला आलेल्या आज्या हसत होत्या, पुजाऱ्यांनी काही म्हटलं नाही. बाहेर माकडांनी आमची केळी पळवली, ते तिला देवापेक्षा जास्त आवडलं.

पहिली पावलं मात्र पडली घरी. सासूबाई ओट्यावर गवार मोडत बसल्या होत्या. ही खांबाला धरून उभी होती. त्यांनी एक शेंग पुढे धरली, नुसती धरली, बोलल्या काहीच नाहीत. हिने खांब सोडला आणि चालत जाऊन शेंग घेतली. मी आत भाकरी थापत होते. पिठाच्या हातानेच बाहेर आले, तोवर ती शेंग चावत बसली होती.

चालता येऊ लागल्यावर प्रत्येक जागा तिला पायाखाली घालून बघायची होती. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदची महाकाय दुर्बीण लोकांना जवळून पाहता येते. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली ही जीएमआरटी. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मधल्या चौकात, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर दूरवर. शाळांच्या सहलींची तिथे ही झुंबड. मी सातवीत आले होते तेव्हा आकाशातल्या रेडिओ लहरींचं ऐकून भारावले होते. लेक भारावली ती वाटेवरच्या खडीने. तिचे बाबा तिला हायड्रोजनबद्दल सांगत राहिले, आणि खडी तिच्या तोंडातून काढत राहिले.

मार्च हा आमच्याकडे द्राक्षांचा. नारायणगाव-जुन्नर पट्ट्यात मांडवाखाली काळे घड लोंबत असतात आणि बाळाच्या उंचीवरून ते झुंबरासारखे दिसत असणार. घड आधी भरपूर पाण्यात धुवायचा, मग एकेक मणी उभा चिरायचा. अख्खा मणी या वयाच्या मुलाच्या हाती द्यायचाच नाही, घशात अडकतो. बागेत बसून मणी चिरून देणं हेच माझं त्या महिन्यातलं मुख्य काम होतं.

जावळ काढलं धामणखेलच्या खंडोबाला. मामाच्या मांडीवर बसवून, भंडारा लावून, नाभिकाने वस्तरा फिरवला. हिच्यापेक्षा तिच्या मामाचेच डोळे आधी भरले. एक बट खाली पडू न देता आईने सगळं जावळ नव्या खणात झेललं. जेवणाला मासवडी होती, जुन्नरची मासवडी. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर तीळ-खोबऱ्या-कांद्याचं सारण, गुंडाळी करून वड्या कापायच्या. रस्सा इतका जाळ की मोठ्यांच्याही नाकातून पाणी. लेकीने वडी नुसतीच खाल्ली, सारण बोटाने कोरून.

पाडवा ३० मार्चला आला. गुढीची गाठी उतरवून तिच्या गळ्यात घातली. दिवसभर ती एकेक पदक चोखत हिंडली. दुपारी झोपली तेव्हा मुंग्यांची रांग थेट उशीपर्यंत आली होती. गाठी सोडवताना झोपेतही तिने मूठ आवळली.

मग यात्रा. चैत्र लागला की दर दोन-तीन दिवसांनी कुठल्या ना कुठल्या गावची असते, आणि यात्रा म्हणजे बैलगाडे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात सशर्त परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. त्या मधल्या वर्षांत ओस पडलेले शर्यतीचे घाट मी पाहिलेत, आणि बारी सुटल्यावर माणसांच्या अंगात काय संचारतं तेही. आजोबांना नातीला खांद्यावर घेऊन घाटात उभं राहायचं होतं. मी नाही म्हटलं. धुरळा, भोंगे, उधळलेला बैल. दीड वर्षाच्या आतल्या पोराने तिथे काय करायचं? थोडी बोलाचाली झाली. शेवटी आजोबांनी तिला बारीच्या आधी बैल दाखवून आणलं, शिंगांना रंग, अंगावर झूल. तिने बैलाच्या नाकाला हात लावला. त्यावर ते खूश होते.

नारायणगावला याच दिवसांत तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे कारभारी यात्रेची सुपारी ठरवायला तिथे येतात. रस्त्याने जाताना एका राहुटीबाहेर एक बाई पायाने झोळी हलवत हिशेबाची वही बघत होती. विठाबाई नारायणगावकर याच गावच्या. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, कळा आल्या तशा पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे उभ्या राहिल्या, असं सांगतात. लोक ही गोष्ट अभिमानाने सांगतात, मीही कॉलेजात सांगायचे. आता मला ती सांगवत नाही. त्या रात्री प्रेक्षकांनी खेळ थांबवायला हवा होता.

आणि आता ज्याच्यावाचून आमचा कुठलाच दिवस पुरा होत नाही ते. उन्हं कलली की आमच्याकडे मुलं घरात. धरणं झाली, कालवे आले, कालव्यांमागून ऊस आला आणि उसात बिबट्या. आज तो तिथेच जन्मतो, तिथेच वाढतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चारही तालुक्यांत अंगणात खेळती लहान मुलं त्याने उचलली आहेत. त्या घरांचं दुःख मला लिहिता येणार नाही. लेक चालायला लागली त्या आनंदाच्या पोटातच ही भीती होती, कारण आजवर आम्ही ठेवू तिथे राहणारं बाळ आता स्वतःच्या पायांनी उंबरा ओलांडणार होतं. संध्याकाळी अंगणात कुत्री एकदम गप्प झाली की सगळ्या घराचे कान टवकारतात.

आमच्या शेजारच्या रानात त्या वर्षी उसाची तोड उशिरा आली. तोडणी मजुरांच्या टोळीच्या कोपी बांधाला, आणि एका बाभळीला साडीची झोळी. त्यातलं बाळ माझ्या लेकीहून लहान. आई मोळ्या बांधत होती, चार वर्षांची बहीण झोळीवर लक्ष ठेवून होती. जवळच्याच फडात त्या आठवड्यात बिबट्याचे बछडे सापडले. तोड थांबली, वनखात्याची माणसं आली. बछडे तपासले आणि अंधार पडायच्या आत जिथे सापडले तिथेच खोक्यात ठेवले, शेजारी कॅमेरा लावला. माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्राची आणि वनखात्याची ही पद्धत इथे वर्षानुवर्षांची आहे: मादी रात्री येते, हुंगते, एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. ताटातूट झाली तर ती चिडून वस्तीवर येईल, हे त्यामागचं साधं कारण. ती आली. पहाटे खोकं रिकामं होतं.

मला त्या मादीबद्दल माया वाटली, आणि दुसऱ्या दिवशीही मी संध्याकाळी दार लावून घेतलं. दोन्ही खरं आहे. पण मनातून गेली नाही ती बाभळीची झोळी. बछड्यांसाठी त्या रात्री माणसं जागली, खोकं आणलं, पहारा ठेवला. ते योग्यच झालं. मग टोळीबरोबर येणाऱ्या तान्ह्यांसाठी फडाजवळ चार भिंतींचं पाळणाघर का असू नये? आमच्या तालुक्यांत दोन साखर कारखाने आहेत. दिवाळीपासून पाडव्यापर्यंत ही लेकरं आमच्या गावांची असतात.

रामनवमी ६ एप्रिलला. बाराच्या ठोक्याला पाळणा हलला आणि नव्या आयांना दोरी धरायला पुढे बोलावलं. लेकीला आत झोपलेल्या रामाशी देणंघेणं नव्हतं. तिला पाळण्यात बसायचं होतं. सुंठवडा तोंडात पडला तेव्हा गप्प झाली. आठवड्याच्या आत हनुमान जयंती, सूर्य उगवायच्या आधी देवळात, पुन्हा सुंठवडा. त्या हंगामातला तो शेवटचा पाळणा.

एप्रिलच्या अखेरीस भीमाशंकरला गेलो. मंचरहून घोडेगाव, मग डिंभ्याचं पाणी उजाड डोंगरांमध्ये खाली खाली गेलेलं. जुनं आंबेगाव याच पाण्यात बुडालं. तालुक्याला नाव मात्र त्याचंच राहिलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुनी देवळं वर येतात, आणि विस्थापितांपैकी कुणी कुणी तिथे जाऊन नारळ फोडतात. पुढे जंगलाच्या कडेला महादेव कोळी बाया बाळहिरडा वाळत घालत होत्या. त्यातल्या एकीने लेकीला मांडीवर घेतलं, विचारलं, "दूध पाजती का अजून?" मी म्हटलं, रात्रीचं एकदा. "पाज गं, घाई नको करू," ती म्हणाली, आणि हिरडे चाळायला लागली. डॉक्टरांनी, सासूबाईंनी, मैत्रिणींनी वेगवेगळं सांगितलेलं माझ्या डोक्यात घोळत होतं. त्या बाईचं ऐकायचं मी तिथल्या तिथे ठरवलं.

गुप्त भीमेच्या वाटेवर शेकरू दिसलं. राज्यप्राणी म्हणून चित्रात पाहिलेलं. प्रत्यक्षात त्याची शेपटीच आधी दिसते, तांबूस, फांदीवरून खाली सुटलेली. लेकीने हात लांब केला आणि स्वच्छ म्हणाली, "ये." कोंबड्यांना दाणे टाकताना आजी म्हणते तसंच. शेकरू आलं नाही, पुढच्या झाडावर गेलं. ती हाका मारतच राहिली.

अक्षय तृतीयेला, ३० एप्रिलला, माहेरी आंब्याचा रस झाला. तोवर टोळ्या गावी परतल्या होत्या. लेक धावायला लागली होती, आणि त्याच दुपारी तिने स्टुलावर चढून मागच्या दाराची कडी काढली. कुणी शिकवली नव्हती. आईने टाळ्या वाजवल्या. माझा भाऊ काही न बोलता गेला आणि सुताराला घेऊन आला. कडी हातभर वर बसवली, खाली जाळीचं अर्धं दार लावलं. सुताराला पैसे विचारले तर म्हणाला, "या महिन्यात हेच काम चाललंय, ताई. तिन्ही आळ्यांत."