ढालकिड्याचे मूळ गाव

उल्हासनगर कॅम्प ५ मधल्या एखाद्या गॅलरीत जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडले आणि त्यांत काही अंमळ मोठे, मेणाचे लांब झुपके मिरवत भराभर चालणारे दिसले, तर फवारणीआधी थांबावे. ती बहुधा क्रिप्टोलेमस या ढालकिड्याची अळी असते; ढेकणाच्या वेषात ती ढेकूणच खाते. हा किडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. कॉफीवरच्या खवले किडीसाठी १८९८ मध्ये तो दक्षिण भारतात आणला गेला. त्या कामी तो फारसा उपयोगी पडला नाही, पण पिठ्या ढेकणांवर टिकला, आणि आज आपले द्राक्षबागायतदार तो विकत आणून बागेत सोडतात. अंग काळसर, डोके आणि पंखांची टोके नारिंगी. ठिपका एकही नाही. उलट वांग्याच्या पानांची जाळी करणारा एपिलॅकना हा ढालकिडा अस्सल इथला, पाठीवर अठ्ठावीसपर्यंत ठिपके. तोच २०१० मध्ये न्यूझीलंडमध्ये सापडला आणि तिथे परकी कीड ठरला. म्हणजे किडा देशी की परदेशी, हे ठिपके सांगत नाहीत. आधी जात ओळखावी लागते, मग तिचा इतिहास पाहावा लागतो; आणि तो कळला तरी किडा उपकारक की उपद्रवी हे वेगळेच तपासावे लागते.

जात ओळखायची तर किडा कशावर बसला आहे, हे आधी बघावे. अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात भातानंतरच्या ओलीवर वाल घेतात. त्यावरच्या काळ्या माव्यात चिलोमेनेस हा ढालकिडा सापडतो. त्याच्या पाठीवर नागमोडी काळ्या रेघा असतात, पण याच जातीतले काही किडे जवळजवळ काळे निघतात. पाठीच्या मधोमध काळी रेघ आणि आडवे तुटक पट्टे असतील तर तो कॉक्सिनेला ट्रान्सव्हर्सालिस. भातातला मायक्रास्पिस बिनठिपक्यांचा नारिंगी. हे तिन्ही देशी. एपिलॅकनाची पाठ बारीक लवेमुळे मंद दिसते, मात्र लव क्रिप्टोलेमसलाही असते. तेव्हा एका खुणेवर निकाल देऊ नये.

मावा खाल्ल्याशी कारण, मूळ गावाची चौकशी कशाला, असे कोणी म्हणेल. युरोप-अमेरिकेनेही तसेच मानून आशियाई हार्मोनिया ॲक्सिरिडिस मावा मारायला सोडला. २००४ मध्ये तो ब्रिटनमध्येही पोचला, आणि तिथल्या दोन ठिपक्यांच्या देशी ढालकिड्याची संख्या घसरली. ही घसरण लक्षात आली, कारण आधीच्या नोंदी हाताशी होत्या. क्रिप्टोलेमसने आपल्याकडे असा धुमाकूळ घातलेला नाही, म्हणून प्रत्येक परका किडा शत्रू मानण्याचेही कारण नाही. राहिला फोटोवरून जात सांगणाऱ्या मोबाइल ॲपचा प्रश्न. मोठ्या, ठळक नक्षीच्या जातींसाठी ते चालते. स्किम्नससारख्या दोन-तीन मिलिमीटरच्या किड्यांत मात्र जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय अनेकदा जात ठरत नाही. तिथे नोंद करताना फोटो जोडावा, तारीख आणि झाडाचे नाव लिहावे आणि जातीचा रकाना मोकळा ठेवावा.