पाठदुखीसाठी ‘टेन्स’ उपकरण : खरेदीपूर्वी काय तपासावे?

वर्षानुवर्षे पाठदुखी सोसणाऱ्या व्यक्तीला औषधांच्या दुकानात अथवा इंटरनेटवर आज एक लहानसे, खिशात मावणारे विद्युत् उपकरण सहज मिळते. त्याच्या वायरींना जोडलेल्या चिकट पट्ट्या कमरेवर लावल्या की त्वचेखाली झिणझिण्या जाणवू लागतात आणि अनेकांच्या वेदनेला काही काळ उतार पडतो. ‘ट्रान्सक्युटेनिअस इलेक्ट्रिकल नर्व्ह स्टिम्युलेशन’ या लांबलचक नावाचे ‘टेन्स’ हे लघुरूप आहे. त्याचा मराठी प्रतिशब्द मूळ नावाहूनही बोजड होतो. डॉक्टर आणि रुग्ण दोघेही ‘टेन्स’च म्हणतात.

या उपकरणामागील विचार १९६५ साली मांडला गेला. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ पॅट्रिक वॉल यांनी असे प्रतिपादन केले की, वेदनेचे संदेश मेंदूकडे सरसकट पोहोचत नाहीत. मेरुरज्जूमध्ये त्यांना जणू एक द्वार ओलांडावे लागते. स्पर्शाची जाणीव वाहून नेणारे जाड मज्जातंतू उत्तेजित झाले, तर हे द्वार अंशतः बंद होते. ठेच लागल्यावर आपण अंगठा नकळत चोळतो आणि बरे वाटते, त्याची उपपत्ती याच सिद्धांताने लावली जाते. टेन्स हेच चोळण्याचे काम विजेच्या सौम्य स्पंदांनी करते. याखेरीज मंद गतीच्या स्पंदांमुळे शरीरातील नैसर्गिक वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, असेही पुढील संशोधनातून दिसून आले.

मात्र जुनाट कंबरदुखीच्या बाबतीत या उपचाराचा पुरावा दुबळा आहे, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत. १९९० साली अमेरिकेत १४५ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत खऱ्या टेन्सचा परिणाम बनावट टेन्सहून अधिक आढळला नाही. व्यायामाचा मात्र काही लाभ दिसला. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नये अशी शिफारस केली आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही डिसेंबर २०२३ मधील मार्गदर्शक सूचनांत तोच कौल दिला. याउलट, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३८१ चाचण्यांच्या एका आढाव्याने, उपकरण चालू असताना किंवा लगेच नंतर वेदनेची तीव्रता घटते असा निष्कर्ष काढला. पण त्यात सर्व प्रकारच्या वेदनांचा एकत्रित विचार होता. ही मते वाटतात तितकी परस्परविरोधी नाहीत. तासाभराचा आराम आणि दुखण्यात टिकाऊ सुधारणा या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि टेन्सकडून फार तर पहिलीची अपेक्षा ठेवता येते. त्या तासात चालणे, व्यायाम किंवा घरकाम जमत असेल, तर त्या आरामाला मोल आहे. उपकरण लावून केवळ पडून राहिल्यास फारसे काही साधत नाही.

म्हणूनच खरेदीपूर्वी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली काही दिवस प्रत्यक्ष वापरून पाहणे श्रेयस्कर ठरते. येथे एक गल्लत नेहमी होते. दवाखान्यात ज्या मोठ्या यंत्राने शेकल्यासारखे बरे वाटते, ते पुष्कळदा ‘आयएफटी’ असते. त्याचा प्रवाह निराळा असतो. स्नायू आकुंचित करणारे ‘ईएमएस’ यंत्र तर वेगळ्याच कामाचे. आपल्याला नेमके काय लावले होते, हे विचारून घ्यावे.

खोक्यावर छापलेल्या ‘मोड’च्या संख्येला भुलू नये. स्पंदांची वारंवारता, स्पंदाची रुंदी आणि प्रवाहाची तीव्रता या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे बदलता येणे अधिक महत्त्वाचे. वारंवारता सुमारे २ ते १०० हर्ट्झ किंवा त्याहून थोडी अधिक असावी. कमरेच्या दोन्ही बाजूंसाठी दोन चॅनेल आणि चार पट्ट्या सोयीच्या पडतात. तीव्रता जोरकस जाणवावी, पण दुखू नये. भीतीपोटी ती अगदी कमी ठेवणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. रोज तोच प्रवाह घेतल्यास शरीराला त्याची सवय होते, त्यामुळे अधूनमधून वारंवारता बदलावी लागते. खरा आवर्ती खर्च पट्ट्यांचा असतो. त्यांचा चिकटपणा घाम आणि धूळ यांमुळे लवकर जातो, म्हणून बाजारात सर्वत्र मिळणाऱ्या पट्ट्या बसतील असेच उपकरण पाहावे. एकटे राहणाऱ्यांनी आणखी एक साधी गोष्ट तपासावी : आपला हात पाठीवर नेमक्या जागी पोहोचतो का? बहुतेकांचा पोहोचत नाही आणि मग उपकरण कपाटात पडून राहते. अशांना पट्ट्या बसवलेला कमरेचा पट्टा उपयोगी पडतो. खोक्यावर उत्पादकाचा अथवा आयातदाराचा परवाना क्रमांक आहे ना, तेही पाहावे.

पेसमेकर किंवा तत्सम उपकरण बसवलेल्यांनी टेन्स वापरू नये. गर्भवती, अपस्माराचे रुग्ण आणि कर्करोग असलेले वा होऊन गेलेले रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारल्याविना ते लावू नये. पट्ट्या गळ्याच्या पुढील भागावर, डोळ्यांवर, जखमेवर किंवा बधिर त्वचेवर लावणे वर्ज्य आहे. वाहन चालवताना, स्नान करताना व झोपेत उपकरण बंद ठेवावे.

सर्वांत मोठा धोका विजेचा नसून विलंबाचा आहे. पाठदुखीबरोबर ताप, रात्रीचा घाम किंवा अकारण वजन घटणे ही लक्षणे असतील तर मणक्याच्या क्षयरोगाची शक्यता तपासावी लागते. भारतात हा आजार दुर्मिळ नाही. झिणझिण्यांनी वेदना थोपवत राहिल्यास निदान लांबते आणि दरम्यान मणका झिजत जातो. पायांतील शक्ती कमी होणे, जांघेभोवती बधिरपणा येणे किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे ही लक्षणे दिसल्यास उपकरण बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.