सागाच्या रानातले रेडिओ-गणित

अकोल्याच्या जुन्या शहरात असदगडाच्या हवाखान्यावर एक जण वायरलेसचा सेट घेऊन उभा राहिला आणि दुसरा सपाटीवर दूर चालत गेला, तरी दोघांचे बोलणे बराच वेळ स्वच्छ ऐकू येते. तेच सेट अकोटवरून शहानूरला, नरनाळ्याच्या पायथ्याच्या सागवनात न्या. थोड्याच अंतरावर आवाज खरखरू लागतो आणि मग तुटतो.

मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. तिथे पायी गस्त घालणाऱ्या वनरक्षकाला मोबाइलची रेंज सगळीकडे मिळत नाही. वणवा दिसला, शिकारीचा फास सापडला किंवा सोबती जखमी झाला, तर वायरलेसवरच भिस्त. म्हणून रानातून रेडिओ लहर किती जाते याचे गणित मला फार मोलाचे वाटते.

पहिली अडचण झाडांच्याही आधीची, जमिनीची आहे. सेट हातात म्हणजे जमिनीपासून जेमतेम दीड मीटरवर. सरळ येणारी लहर आणि जमिनीवरून परावर्तित झालेली लहर एकमेकींना बहुतांशी खोडून काढतात. मोकळ्या अवकाशात अंतर दुप्पट झाले की शक्ती चौथाई उरते. जमिनीलगत, काही अंतरानंतर, तेवढ्याच दुपटीला ती सोळाव्या हिश्शावर येते. उलट, एका टोकाचा अँटेना दीड मीटरवरून तीन मीटरवर नेला की शक्ती चौपट मिळते. आलेला संदेश पुढे पाठवणारे रिपीटर डोंगरमाथ्यावर का बसवतात, ते यावरून कळावे.

मग झाडे येतात. 1960 च्या दशकात अमेरिकनांनी थायलंडच्या जंगलात लांबलचक मोजमापे केली. व्हिएतनामच्या युद्धाचा तो काळ होता आणि घनदाट रानात सैनिकांचे सेट मुके होत होते. त्या मोजमापांनी एक कोडे टाकले: पानांत लहर जितकी शोषली जायला हवी, त्या मानाने ती फार दूर पोचत होती. 1967 साली थिओडोर तामीर यांनी त्याची उकल मांडली. त्यांनी अख्खे जंगल जमिनीवर पसरलेला, लहरीची थोडी शक्ती शोषणारा एक थर मानले. लहर आधी वर चढते, शेंड्यांच्या वरच्या हवेतून थराला घासत जाते आणि दुसऱ्या सेटजवळ खाली झिरपते. निदान कमी वारंवारितेला लांबचा पल्ला गाठून देणारी वाट हीच. या विषयातली सर्वांत सुंदर कल्पना मी हीच मानतो.

जवळच्या अंतरासाठी 1982 चे वाइसबर्गर यांचे सूत्र आजही वापरतात. 865 मेगाहर्ट्झवर, म्हणजे रानातल्या संवेदकांसाठी वापरता येणाऱ्या पट्ट्यात, ते सूत्र 100 मीटर दाट झाडीला सुमारे 19 डेसिबल, 200 मीटरला 29 आणि 400 मीटरला 43 डेसिबलची जादा घट सांगते. दर 10 डेसिबलला शक्ती दहावा हिस्सा होते, हे लक्षात घेतले की 43 चा अर्थ उमगतो. या लहरीची लांबी सुमारे 35 सेंटिमीटर, जवळपास सागाच्या मोठ्या पानाएवढी. वायफायची लहर साडेबारा सेंटिमीटरची. ती पानोपानी विखुरते. वनरक्षकांच्या हातातल्या सेटची, 150 मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर दोन मीटरची असते. तिला पानांचे फारसे काही वाटत नाही, पण खोडे जाणवतात.

आणि ऋतू? सागाची पानगळ झाल्यावर उन्हाळ्यात रान उघडे पडते. श्रावणाच्या झडीत प्रत्येक पान पाण्याने निथळत असते आणि पाणी लहर शोषते. पानांच्या झाडीत एक गिगाहर्ट्झच्या आसपास निष्पर्ण झाडीपेक्षा दर मीटरला साधारण 20 टक्के जादा घट धरतात. पण असे आकडे बहुतेक परदेशी वृक्षराजीतून आले. आमच्या सागाचे पान त्या पानांहून कितीतरी मोठे, शिवाय डोंगर आणि खोरी वेगळीच.

हे मोजायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. दोन सेट, सिग्नल मोजणारे यंत्र, ठरावीक उंचीचे खांब आणि वनखात्याची परवानगी पुरे. अकोला-अमरावतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांनी एक तुकडी मार्चमध्ये आणि तीच ऑगस्टमध्ये त्याच वाटेवर पाठवावी, आणि आलेले आकडे वनविभागाच्या हाती द्यावेत.