अ‍ॅम्प्लिफायर जड आहे, पण दमदार आहे का? घेण्याआधी फ्यूज बघा

गणेशोत्सवाआधी साउंड भाड्याने देणारे तरुण स्वस्तातला, वजनदार पॉवर अ‍ॅम्प्लिफायर शोधत फिरतात. ‘उचलून बघा, कळेल’ हा दुकानातला ठरलेला सल्ला. तो अर्धाच खरा. वजन मुख्यतः ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंकचं असतं; पण जाड पत्र्याची पेटीही जडच लागते. उलट एसएमपीएसवाला चांगला अ‍ॅम्प्लिफायर हलका असतो.

मग बघायचं काय? मागच्या बाजूला छापलेलं फ्यूज रेटिंग. ५ अँपिअर असेल, तर २३० व्होल्टला हिशेब होतो ११५० वॅट. प्लगमधून सलग साधारण एवढीच वीज येणार. त्यातलीही बरीच उष्णतेत जाते. क्लास बी सर्किटची कागदावरची कमाल कार्यक्षमताच ७८.५ टक्के, क्लास एबीची त्याहून थोडी कमी. मग खोक्यावरचे ‘३००० वॅट’ सलग येणार कुठून? क्षणभराचे ठोके वेगळे. पीएमपीओचा आकडा तर सोडूनच द्या. दोन्ही चॅनेल चालू असताना ८ ओहमला आरएमएस किती, ते विचारा.

आणि स्पीकर प्रोटेक्शन रिले आहे का, हेही. तो नसताना आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, तर डीसी थेट स्पीकरमध्ये जातो आणि कॉइल जळते. तेही भर मिरवणुकीत.