विकिपीडियावरील लेखाचे संपादन

मराठी विकिपीडिया हा ज्ञानकोश २००३ सालापासून वाचकांच्याच हातून लिहिला जात आहे. त्यात आपल्या गावाविषयी चुकीचा मजकूर आढळल्यास शिक्षकाने तो अवश्य दुरुस्त करावा. कारण मुले तोच खरा मानून चालतात. पूर्वी मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत. त्याच नावाच्या सरावाच्या पानावर प्रथम हात बसवावा. उपशीर्षकाच्या दोन्ही बाजूंस बरोबरीची दोन-दोन चिन्हे द्यावीत. दुसऱ्या लेखाशी जोडावयाचा शब्द दुहेरी चौकटी कंसांत लिहावा. ऐकीव माहिती न घालता प्रसिद्ध ग्रंथाचा आधार द्यावा. जतन करण्यापूर्वी झलक पाहावी. चूक झाल्यास भिण्याचे कारण नाही. लेखाची पूर्वीची प्रत ‘इतिहास’ या सदरात शाबूत असते व ती परत आणता येते.